फ्रीजर घेतला, आता तो थंड कोण ठेवणार? विद्यापीठ प्रशासनास खुले पत्र

माननीय कुलगुरू, कुलसचिव, वित्त अधिकारी आणि कार्यकारी परिषदेचे सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

प्रयोगशाळांतील उपकरणांच्या वार्षिक देखभाल कराराचा (एएमसीचा) खर्च येत्या आर्थिक वर्षापासून विद्यापीठाच्या निधीतून होणार नाही, तो ज्याने त्याने आपल्या प्रकल्पातून भागवावा, असे परिपत्रक आपल्या कार्यालयातून निघाले आहे. त्याच्या मागोमाग रात्रपाळीच्या तांत्रिक साहाय्यकांची पदे गोठवल्याचा आदेश आला. आम्ही आरोग्य आणि जैववैद्यकीय संशोधनाच्या विभागांत काम करणारे संशोधक, तंत्रज्ञ, प्रकल्प कर्मचारी आणि पीएचडीचे विद्यार्थी आहोत. फाइलीवर टिपण लिहून वर पाठवता आले असते. तशी टिपणे याआधी गेली आहेत, ती कुठे थांबली हे आपल्या आवक-जावक नोंदवहीत सापडेल. शिवाय या प्रश्नात आपण आणि आम्ही सोडून तिसरा एक पक्ष आहे. गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा, काणकोण, पेडणे इथल्या ज्या लोकांनी विश्वासाने रक्त काढून दिले, त्यांचे नमुने आमच्या फ्रीजरमध्ये आहेत. त्यांच्या मालकीच्या गोष्टीचे काय होऊ घातले आहे हे त्यांनाही कळावे, म्हणून हे पत्र उघडे लिहिले आहे.

आधी पैशाचे बोलू.

प्रकल्पाचा निधी साधारण 3 वर्षांचा असतो आणि तो मनुष्यबळ, रसायने व किरकोळ साहित्य, प्रवास, आकस्मिक खर्च अशा शीर्षांत बांधलेला असतो. जे यंत्र त्या प्रकल्पातून घेतलेलेच नाही त्याची एएमसी त्यात टाकली तर लेखापरीक्षक तो खर्च नामंजूर करतो. मग यूसी, म्हणजे निधी ठरल्या कामावर वापरल्याचा दाखला, अडकते, आणि यूसी अडकली की पुढच्या वर्षाचा हप्ता अडकतो. हे सगळे वित्त विभागाला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. उणे 80 अंशांचा फ्रीजर नीट राखला तर 10-12 वर्षे चालतो. 3 वर्षांच्या प्रकल्पाने 12 वर्षांच्या यंत्राचा संसार कसा करायचा? अनुदान देणाऱ्या संस्था प्रकल्पाबरोबर ओव्हरहेड म्हणून वेगळी रक्कम विद्यापीठाला देतात ती वीज, पाणी, जागा आणि देखभाल यांच्यासाठीच असते. ही रक्कम जमा झाल्याचे आम्हाला कळते. ती प्रयोगशाळांवर किती खर्च झाली हे मात्र कळत नाही.

आता फ्रीजरचे. तो या पत्रात जास्त जागा घेईल, कारण बाकीच्या बहुतेक तक्रारी त्याच्याच आजूबाजूला आहेत.

उणे 80 च्या फ्रीजरमध्ये दोन कॉम्प्रेसर असतात. पहिला दुसऱ्याला थंड करतो आणि दुसरा आतल्या कप्प्याला. पहिल्याला आपली उष्णता बाहेर टाकता आली नाही तर दुसऱ्यावरचा दाब वाढतो, तो न थांबता चालत राहतो, तेल जळते आणि एके दिवशी यंत्र बसते. म्हणून खोलीचे तापमान 30 अंशांच्या आत हवे. जुना फ्रीजर दिवसाला 16 ते 20 युनिट वीज खातो आणि ती सगळी उष्णतेच्या रूपाने त्याच खोलीत सोडतो. एका खोलीत असे तीन-चार फ्रीजर म्हणजे तिथे हीटर लावल्यासारखेच आहे. त्या खोलीत एसी लागतो तो नमुन्यांसाठी, माणसांसाठी नव्हे. आणि इथेच एक गंमत आहे. वीज बचतीच्या जुन्या परिपत्रकाप्रमाणे संध्याकाळी 6 नंतर मजल्यावरचे सगळे एसी बंद करायचे असतात. फ्रीजरच्या खोलीचा एसी व्हरांड्याच्या त्याच बोर्डावर आहे. सुरक्षारक्षक आदेशाप्रमाणे खटका पाडतो, त्याचे काहीच चुकत नाही. मे महिन्यात रात्री 9 वाजेपर्यंत ती बंद खोली 38 अंशांवर गेलेली असते. दारावर ‘एसी बंद करू नये’ असा कागद चिकटवला तर परिपत्रक मोठे की कागद, असा प्रश्न येतो. वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका) टाकून ती लाइन अलग करणे हे एका वायरमनचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्यासाठीचा प्रस्ताव ‘अंदाजपत्रकासह सादर करावा’ असा शेरा मारून परत आला आहे.

गोव्याची हवा यंत्रांना मानवत नाही, हेही धरून चालावे लागते. जून ते सप्टेंबर दमटपणा 85-90 टक्क्यांच्या खाली फारसा येत नाही. त्यात खारा वारा. कंडेन्सरच्या पातळ पट्ट्या गंजतात, फिल्टरवर धूळ आणि ओल मिळून लोण्यासारखा थर बसतो. कंपनीच्या पुस्तिकेत फिल्टर दोन-तीन महिन्यांनी साफ करा असे लिहिलेले असते, इथे तो दर महिन्याला काढून धुवावा लागतो. दाराच्या गॅस्केटवर (कडेच्या रबरी पट्टीवर) बर्फ धरला की दार पूर्ण बसत नाही, बारीक फटीतून दमट हवा आत जाते आणि आणखी बर्फ धरतो. तो कोरड्या फडक्याने आणि लाकडी पट्टीने रोजच्या रोज काढायचा असतो. नंतर एकदम स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायला गेले की गॅस्केट फाटते. मूळ गॅस्केट मागवायला खरेदीची फाइल लागते आणि फाइल फिरेपर्यंत दाराला चिकटपट्टी लावून दिवस काढावे लागतात. एएमसी असेल तर हे काम तंत्रज्ञ येऊन करून जातो. नसेल तर प्रत्येक भेटीचे वेगळे बिल, प्रत्येक बिलाला वेगळी मंजुरी. यात विद्यापीठाची बचत कुठे होते ते दाखवून द्यावे.

वीज जाते, हा काही कुणा एकाचा दोष नाही. वळवाच्या पावसात झाड तारांवर पडले की जाते, चवथीच्या आसपास जाते. काळजी करायची ती वीज गेल्यावर आणि आल्यावर काय होते याची. भरलेला फ्रीजर दार न उघडता ठेवला तर उणे 80 वरून उणे 50 वर यायला साधारण 3 ते 5 तास लागतात. अर्धा रिकामा असेल तर त्याहून लवकर, म्हणून रिकाम्या जागी थर्मोकोलचे ठोकळे किंवा बर्फाचे पॅक भरून ठेवायचे असतात. तेवढ्या वेळात जनरेटर चालू झाला तर प्रश्न मिटतो. पण जनरेटर न चालण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण म्हणजे स्टार्टरची बॅटरी उतरलेली असणे. तो महिन्यातून एकदा नुसता रिकामा फिरवून चालत नाही, किमान 30 टक्के लोड देऊन अर्धा तास चालवावा लागतो. टाकीत महिनोन् महिने पडून राहिलेल्या डिझेलमध्ये आपल्या हवेत पाणी धरते, त्यात शेवाळासारखा गाळ होतो आणि तोच फिल्टरमध्ये अडकतो. चाचणीची नोंदवही आहे का, असेल तर ती शेवटची कधी भरली, हे परिषदेच्या कोणत्याही सदस्याने जाऊन पाहावे.

वीज परत येते तेव्हाचा धोका वेगळा. सगळे कॉम्प्रेसर एका क्षणी सुरू होतात, चालू व्हायच्या वेळी ते नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतात आणि एमसीबी पडतो. मग पूर्ण इमारतीत दिवे लागलेले, आणि फ्रीजरची खोली मात्र अंधारात. रात्रपाळीला माणूस असेल तर तो खटका वर करतो. नसेल तर शनिवारी रात्री पडलेला खटका सोमवारी सकाळी दिसतो. यावर उपाय आहे. प्रत्येक फ्रीजरच्या लाइनवर विलंब रिले बसवायचा, म्हणजे पहिला 3 मिनिटांनी, दुसरा 6 मिनिटांनी, तिसरा 9 मिनिटांनी सुरू होतो. रिलेची किंमत फ्रीजरच्या किमतीपुढे नगण्य आहे. तसाच तापमानाचा अलार्म: आतला सेन्सर ग्लायकोलच्या बाटलीत, मर्यादा उणे 65, आणि ती ओलांडली की तिघांच्या फोनवर संदेश. ही यंत्रणा आमच्याकडे बसवलेली आहे. तिच्यात एक सिमकार्ड लागते आणि त्या सिमच्या रिचार्जला लेखाशीर्ष नाही. शीर्ष नाही म्हणून रिचार्ज नाही, रिचार्ज नाही म्हणून संदेश नाही. लाखो रुपयांच्या यंत्राची राखण महिन्याच्या रिचार्जवर अडावी, यावर वेगळे काय लिहिणार?

‘नमुने खराब झाले तर परत घ्या’, असे सहज म्हटले जाते. ते का शक्य नाही हे नीट सांगायला हवे, कारण ही समजूत वरपर्यंत पोचलेली दिसते.

माकडताप घ्या. त्याचा विषाणू 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडला. गोव्यात 2015 पासून सत्तरीत त्याचे रुग्ण आढळू लागले. गोचिडीतून तो माणसाला होतो आणि हंगाम पडतो तो नेमका बोंडू गोळा करायच्या दिवसांत. तापाच्या पहिल्या काही दिवसांतच रक्तात विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय पदार्थ) मिळतो, तोच आरटी-पीसीआरमध्ये दिसतो. नंतर तो नाहीसा होतो आणि प्रतिपिंडे दिसू लागतात. म्हणजे पहिल्या आठवड्यातला नमुना गेला तर तो गेलाच. त्या माणसाच्या अंगात तो आठवडा पुन्हा येत नाही. पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्यांना होणाऱ्या लेप्टोचेही (लेप्टोस्पायरोसिस या तापाचेही) असेच आहे. तिथे तापात असतानाचा एक आणि दोन-तीन आठवड्यांनंतरचा एक असे जोडनमुने घेतात, ते एमएटी या प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचणीत एकाच वेळी शेजारी शेजारी लावतात आणि टायटर, म्हणजे प्रतिपिंडांचे प्रमाण, चौपट वाढले का ते पाहतात. जोडीतला पहिला खराब झाला की दुसरा कितीही जपला तरी अर्ध्या कामाचा. हेही सांगितले पाहिजे की सगळे नमुने सारखेच नाजूक नसतात. सीरममधली आयजीजी प्रतिपिंडे एखाद-दुसरे वितळणे सोसतात. आरएनए, सायटोकाइन (पेशींमधली संदेशवाहक प्रथिने) आणि काही विकरे (एन्झाइम) सोसत नाहीत. पण वितळून पुन्हा गोठलेल्या व्हायलवर (नमुन्याच्या बारीक कुपीवर) तसे काही लिहिलेले नसते. ती बाहेरून पहिल्यासारखीच दिसते आणि चाचणीत ‘निगेटिव्ह’ येते. खराब नमुन्याने दिलेले खोटे निगेटिव्ह हे नमुना नसण्याहून वाईट, कारण त्यावर कुणीतरी विश्वास ठेवतो. सुमारे 500 लिटरच्या एका फ्रीजरमध्ये 2 मिलिलिटरच्या 30,000 च्या वर व्हायल मावतात. एका रात्रीत काय जाऊ शकते याचा अंदाज त्यावरून यावा.

द्रव नायट्रोजनच्या टाक्यांबद्दल थोडक्यात: पेशी आणि परजीवी उणे 196 अंशांत ठेवतात, पातळी दर आठवड्याला पट्टीने मोजून नोंदवायची असते, आणि एक लिटर द्रवापासून जवळजवळ 700 लिटर वायू होतो. बंद एसी खोलीत तो साठला तर ऑक्सिजन कमी होतो आणि माणसाला त्याचा वासही येत नाही. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली गेला की वाजणारा मीटर त्या खोलीत हवा. तो नाही.

खरेदी हा दुसरा मोठा विषय. 

एलायझा किटची (रक्ताचे नमुने तपासायच्या संचाची) मुदत बहुधा 6 ते 12 महिने असते. एप्रिलमध्ये इंडेंट (मागणीपत्र) टाकले, तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, समितीची बैठक, वित्त विभागाचा शेरा, मग पीओ (खरेदी आदेश), असे करत माल डिसेंबरात येतो आणि पुरवठादार आपल्याकडचा जुना लॉट पाठवतो, तेव्हा मुदतीचे तीनच महिने उरलेले असतात. पीओत ‘पोचतेवेळी किमान 75 टक्के मुदत शिल्लक हवी’ एवढी एक ओळ घातली तर हे थांबेल. दुसरे म्हणजे सगळ्यात कमी दराचा नियम. कागद आणि खुर्च्यांना तो ठीक आहे. प्रतिपिंडाच्या बाबतीत क्लोन (ते बनवणाऱ्या पेशींचा विशिष्ट वंश) बदलला की चाचणीत मिळणारा संकेत बदलतो, आणि दोन वर्षे एका क्लोनवर केलेले काम तिसऱ्या वर्षी दुसऱ्या क्लोनशी ताडून पाहता येत नाही. ‘समतुल्य’ हा शब्द खरेदी विभागाच्या सोयीचा असला तरी पेशीला तो कळत नाही. क्लोन क्रमांक आणि कॅटलॉग क्रमांक हे तांत्रिक अटीत धरावेत, त्यावर हरकत नसावी.

कोरड्या बर्फातले पार्सल हा तर स्वतंत्र अध्याय. थर्मोकोलच्या खोक्यातला कोरडा बर्फ दिवसाला 2 ते 4 किलो उडून जातो. बेंगळुरूहून किंवा मुंबईहून निघालेल्या 5 किलोच्या खोक्याकडे मोजून दीड-दोन दिवस असतात. ते शुक्रवारी संध्याकाळी फाटकावर आले तर भांडार बंद, शनिवार-रविवार सुट्टी, आणि भांडारपालाच्या सहीशिवाय पार्सल आत घेता येत नाही. सोमवारी खोके उघडावे तर आत कोमट पाण्यासारखा मास्टरमिक्स (पीसीआरचे तयार मिश्रण). बिल मात्र पूर्ण. विकरे आली की ती उणे 20 मध्ये ठेवायची, आणि तो फ्रीजर फ्रॉस्ट-फ्री नसावा, कारण बर्फ धरू नये म्हणून तसला फ्रीजर स्वतःला दिवसातून अधूनमधून गरम करत असतो. गेल्या वेळी दर कमी म्हणून घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आला. तो आता पाण्याच्या बाटल्यांसाठी वापरात आहे.

केंद्र सरकारने जून 2025 मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख झाली, खरेदी समितीमार्फतची 10 लाखांवरून 25 लाख, आणि जेम या सरकारी खरेदी पोर्टलबाहेर वैज्ञानिक उपकरणे व साहित्य घेण्याची मुभा कुलगुरूंना आणि संचालकांना मिळाली. हे राज्याच्या विद्यापीठाने आपल्या खरेदी नियमांत आणायचे की नाही, ते या परिषदेच्या आणि राज्याच्या वित्त खात्याच्या हातात आहे. आजवर तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर आल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

माणसांविषयी लिहिताना हात जरा आखडतो, कारण ‘पगाराचे रडगाणे’ म्हणून बाजूला सारणे सोपे असते. तरी लिहितो. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफचे (कनिष्ठ संशोधक विद्यार्थ्यांचे) मानधन महिना 37,000 आणि एसआरएफचे (वरिष्ठांचे) 42,000 रुपये झाले, अधिक घरभाडे भत्ता. आदेशात आकडा आला. पैसे मात्र अनुदानाचा हप्ता आल्यावर, म्हणजे महिनोन् महिने थांबून. भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींचा घरमालक हप्त्याची वाट पाहत नाही. विद्यापीठाने फिरता निधी ठेवून दरमहा मानधन द्यावे आणि हप्ता आल्यावर वळते करून घ्यावे. प्रकल्प कर्मचाऱ्यांना 11 महिन्यांचे आदेश, मध्ये एक दिवसाचा खंड. त्या खंडाच्या दिवशीही फ्रीजरची नोंद करायला तीच माणसे येतात, आणि त्या दिवशी काही अपघात झाला तर ती माणसे विद्यापीठाची कुणीच नसतात.

अपघात म्हणजे काय, तेही लिहितो. रक्त घेताना किंवा टाकताना सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढायचे नाही, ब्लीच लावायचे नाही. बाधित रक्ताच्या सुईतून एचआयव्हीचा धोका सुमारे 0.3 टक्के, हिपॅटायटिस सीचा 1.8 टक्क्यांच्या आसपास, आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीचा 6 ते 30 टक्के. एचआयव्हीवरचा प्रतिबंधक औषधोपचार शक्यतो 2 तासांत आणि जास्तीत जास्त 72 तासांत सुरू करून 28 दिवस घ्यायचा असतो. रात्री 10 वाजता सुई टोचलेल्या मुलीने कुणाला फोन करायचा, गाडी कुठली, नोंद कुठल्या वहीत, हे भिंतीवर लिहिलेले हवे. सगळ्यात मोठा धोका हिपॅटायटिस बीचा आहे, आणि नेमका त्याच्यावरच लसीचा उपाय आहे. 0, 1 आणि 6 महिन्यांना तीन डोस, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (संरक्षक प्रतिपिंडांची) चाचणी, पातळी 10 किंवा त्याहून जास्त आली की निर्धास्त. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम 2016 मध्ये हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे, आणि रुजू होताना व नंतर वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करणे ही संस्थेची जबाबदारी सांगितली आहे. कंत्राटी सफाई कामगारही त्यात येतात. आमच्याकडे लसीकरणाची नोंद विचारली की ‘ते एजन्सीचे लोक’ असे उत्तर मिळते. जंगलात गोचिडी गोळा करायला जाणाऱ्या पथकाचेही असेच. माकडतापाची जुनी लस आता वापरात नाही, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, मोज्यांत खोचलेली पँट, अंगाला लावायचे प्रतिबंधक तेल आणि परतल्यावर अंग तपासणे एवढेच संरक्षण आहे. त्या तेलाचे बिल ‘सौंदर्यप्रसाधन’ म्हणून परत आले होते. यावर हसावे की रडावे ते आपणच ठरवा.

कचऱ्याचा उल्लेख आलाच आहे तर ऑटोक्लेव्हबद्दल. कल्चर आणि रक्ताचे नमुने कुंडईच्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे पाठवण्याआधी इथेच निर्जंतुक करावे लागतात: 121 अंश, 15 पौंड दाब, 60 मिनिटे. उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये आधी वाफ सोडून आतली हवा पूर्ण बाहेर काढली नाही तर काटा 15 दाखवतो आणि तापमान मात्र 121 ला पोचत नाही. पिशवी दोन तृतीयांशपेक्षा जास्त भरली किंवा तोंड घट्ट बांधले तरी वाफ मध्यापर्यंत जात नाही. पिशवीवरच्या टेपचे पट्टे काळे झाले म्हणजे ती गरम झाली एवढेच समजते. जिवाणू मेले का हे स्पोअर पट्टीने (उष्णतेला चिवट अशा जिवाणूंचे बीजाणू असलेल्या पट्टीने) कळते, आणि त्या पट्ट्यांची मागणी ‘अनावश्यक’ ठरली. ब्लीचमध्ये बुडवलेले साहित्य पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नये, क्लोरीन सुटतो, हे शिकवणारा माणूस म्हणजे ज्यांची पदे गोठवली तेच तांत्रिक साहाय्यक. जैवसुरक्षा कॅबिनेटचेही (जंतू बाहेर पडू नयेत म्हणून हवा गाळणाऱ्या कपाटाचेही) तेच. त्यातल्या हेपा (बारीक कण गाळणाऱ्या) फिल्टरने 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवले पाहिजेत, तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला 0.5 मीटर हवा, आणि हे दर वर्षी तपासून प्रमाणित करावे लागते. प्रमाणपत्राची मुदत संपलेल्या कॅबिनेटचा हिरवा दिवा लागतो, पंखा फिरतो, आणि आत काम करणाऱ्याला वाटते आपण सुरक्षित आहोत. ही तपासणी एएमसीत येते. परिपत्रकाने तीच काढून घेतली.

नैतिक समितीबद्दल एकच सांगतो. गणपूर्तीला 5 सदस्य लागतात, ते जमत नाहीत म्हणून बैठक पुढे जाते. नोव्हेंबरची बैठक मार्चमध्ये झाली की माकडतापाचा हंगाम हातचा जातो आणि अभ्यास थेट एक वर्ष लांबतो. संमतिपत्र कोकणीत, देवनागरीत आणि रोमी लिपीतही, शिवाय मराठीत आणि हिंदीत लागते. त्या भाषांतराला पैसे नाहीत, म्हणून ते विद्यार्थी फावल्या वेळात करतात. ज्या कागदावर माणूस आपले रक्त द्यायला हो म्हणतो, तो फावल्या वेळात व्हावा का?

आमच्या मागण्या अशा:

1. देखभाल खर्च प्रकल्पांवर टाकणारे परिपत्रक मागे घ्यावे. फ्रीजर, जैवसुरक्षा कॅबिनेट, ऑटोक्लेव्ह, सेंट्रिफ्यूज आणि जनरेटर यांच्यासाठी विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात कायम शीर्ष उघडावे आणि ओव्हरहेडच्या रकमेतला ठरावीक वाटा त्यात वळवावा. गेल्या 3 वर्षांत जमा झालेल्या ओव्हरहेडचा हिशेब संकेतस्थळावर ठेवावा.

2. फ्रीजरच्या खोलीची वीज आणि एसी वेगळ्या लाइनवर घ्यावा, विलंब रिले बसवावेत, सिमचे रिचार्ज चालू करावे. हे 31 मे पूर्वी.

3. रात्रपाळीची पदे पुन्हा भरावीत. तोवर सुट्टीच्या दिवसांसाठी बदली यादी आणि तिचा भत्ता मंजूर करावा.

4. केंद्राच्या 2025 च्या खरेदी मर्यादा स्वीकारण्याचा ठराव पुढच्या बैठकीत आणावा. शीतसाखळीतले पार्सल कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी, विभागाच्या माणसाच्या सहीने आत घेता यावे.

5. मानधनासाठी फिरता निधी. 11 महिन्यांच्या आदेशातला खंड बंद. कंत्राटी कामगारांसह सर्वांना हिपॅटायटिस बीची लस, आणि सुई टोचल्यावरच्या उपचारांची लेखी पद्धत प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर.

6. जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल, जो 30 जूनपर्यंत द्यायचाच असतो, तो लोकांना वाचता येईल असा प्रसिद्ध करावा.

7. नैतिक समितीच्या बैठकांचे वर्षभराचे वेळापत्रक जानेवारीतच लागावे, आणि संमतिपत्रांच्या भाषांतराला शीर्ष मिळावे.

दुसऱ्या मागणीला पैसा जवळजवळ लागत नाही, तिच्यापासून सुरुवात केली तरी चालेल. कुठल्या खोलीत कुठला फ्रीजर, त्याचे वय, शेवटची दुरुस्ती, आत कुठल्या अभ्यासाचे किती नमुने, याचा तक्ता आम्ही कुलसचिव कार्यालयात दिला आहे, पोचपावती आमच्याकडे आहे. चर्चेला बोलावले तर आम्ही कामाची वेळ सोडून केव्हाही येऊ. उत्तर मात्र लेखी हवे, आणि प्रत्येक मागणीपुढे ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘कधीपर्यंत’ असे लिहिलेले हवे. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे उत्तर आमच्याकडे आधीच बरेच साठले आहे.

आपले,
आरोग्य व जैववैद्यकीय विभागांतील संशोधक, तंत्रज्ञ, प्रकल्प कर्मचारी आणि विद्यार्थी

प्रत: राज्याचे उच्च शिक्षण खाते, आरोग्य खाते आणि वित्त खाते यांना माहितीसाठी